नाव ठेवताना

॥ श्री ॥

नाशिक

चि. सौ. मनूस,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही सांग.

येणाऱ्या बाळासाठी तू काढलेल्या नावांची यादी पोचली. एक्केचाळीस नावं आणि प्रत्येकापुढे एक गोड अर्थ. आपल्या भाषेत हे काम जपून करावं लागतं, कारण एका अनुस्वाराने 'नाव ठेवणं'चं 'नावं ठेवणं' होतं. आज मला दुसरं करायचंय, ते आधी उरकतो.

'आरव' याच्यापुढे तू 'शांत' लिहिलंयस. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा, गलका. बारा दिवसांच्या बाळाला तो अर्थ चपखल बसेल, पण शांतीशी त्याचा संबंध नाही. 'अनय' म्हणजे नय नसलेला. नय म्हणजे नीती किंवा धोरण, तेव्हा अनय झाला अनीती किंवा दुर्दैव. शिवाय आपल्या गवळणींतला अनय म्हणजे राधेचा नवरा, ज्याला सोडून सगळं गाणं कृष्णाकडे जातं. 'रेयांश' संस्कृतात नाही. 'प्रकाशाचा किरण' हा अर्थ इंग्रजी 'रे'ला आपला 'अंश' चिकटवून काढतात. 'मायरा' हे फुल्क ग्रेव्हिल नावाच्या इंग्रज कवीने कवितेसाठी घडवलेलं नाव आहे, प्राचीन वगैरे नाही. 'कियारा'ची तर दोन घराणी आहेत. इटालियन किआरा लॅटिन 'क्लारा'वरून आली, अर्थ उजळ. आयरिश किएरा ज्या शब्दावरून आली त्याचा अर्थ काळा. उच्चार जवळजवळ एकच आणि अर्थ दोन टोकांचे. आणि 'ऋषिकेश' हे लिहिण्यातच चुकलंय. शब्द हृषीकेश. हृषीक म्हणजे इंद्रिय, त्यांचा ईश तो हृषीकेश. 'ऋषिकेश' लिहिलंस तर ऋषीचे केस होतात.

इंटरनेटवरच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, म्हणून एक चूक पन्नास ठिकाणी दिसते आणि पन्नास ठिकाणी दिसली की खरी वाटते. तपासायची रीत अशी. नाव देवनागरीत लिही, ऱ्हस्व-दीर्घासकट. मग फोड: उपसर्ग, धातू किंवा मूळ शब्द, प्रत्यय. सुनीता म्हणजे सु आणि नीता, चांगल्या मार्गाने नेलेली. 'सुनिता' लिहिलं की फोडच होत नाही. ऊर्मिलेत ऊर्मी आहे, लाट. म्हणून ऊ दीर्घ. मनीषा म्हणजे बुद्धी, त्यातली नी दीर्घ. फोड झाली की आपट्यांचा संस्कृत कोश उघड आणि नुसता पहिला अर्थ वाचू नकोस, सगळे वाच. मराठी शब्द असेल तर मोल्सवर्थ. दोन्ही कोश इंटरनेटवर फुकट आहेत. कोशात सापडलं नाही तर नाव वाईट ठरत नाही. नवीन घडवलेलं आहे एवढंच, आणि तसं म्हणायला लाजू नये. फक्त त्याला 'वेदातलं' म्हणून मिरवू नये.

आता तू जे विचारलंयस, की 'नावाला अर्थ हवा ना?' त्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. जगात पुष्कळ ठिकाणी नावाचा मुख्य उपयोग अर्थ सांगण्यासाठी नव्हताच, बाळाची माहिती सांगण्यासाठी होता: कधी जन्मलं, कितवं, कुणाचं, कोणत्या देवाला नवस बोलून. तुम्ही दोघांनी आधी हे ठरवा की तुमच्या बाळाच्या नावाने कोणती माहिती सांगावी. ते ठरलं की एक्केचाळीसांतली तीस नावं आपोआप गळतील.

घानातल्या अकान लोकांचं बघ. बाळ ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला आपोआप लागतं. मुलगा रविवारी झाला तर क्वासी, सोमवारी कोजो, मंगळवारी क्वाबेना, बुधवारी क्वाकू, गुरुवारी याव, शुक्रवारी कोफी, शनिवारी क्वामे. मुलींची त्याच क्रमाने अकोसुआ, अद्वोआ, अबेना, अकुआ, या, अफुआ, अमा. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ ला जन्मले, तो शुक्रवार होता. अन्नान म्हणजे चौथं अपत्य. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाचं नाव 'शुक्रवारचा चौथा'. हसू नकोस. आपल्याच जिल्ह्यातल्या पाड्यांवर सोमा, मंगळ्या, बुध्या ही नावं याच हिशोबाने पडलेली आहेत.

बाली बेटावर वार नाही, क्रम बघतात. पहिलं वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत. पाचवं झालं की पुन्हा वायान. मुलगा की मुलगी हे नावात नसतं, त्यासाठी पुढे 'इ' किंवा 'नी' लावतात. त्यातला 'मादे' आपलाच आहे, मध्य या शब्दावरून गेलेला.

आणि ब्रह्मदेशात तर आपल्या राशीच्या अक्षराचा सख्खा भाऊ सापडतो. तिथे जन्मवारावरून नावाचं आद्याक्षर काढायची चाल आहे आणि अक्षरांची वाटणी आपल्या वर्णमालेप्रमाणेच: सोमवारला क-वर्ग, मंगळवारला च-वर्ग, शनिवारला त-वर्ग, गुरुवारला प-वर्ग, रविवारला स्वर. बुधवारचे दोन भाग, सकाळी ल आणि व, दुपारनंतर य आणि र. आडनाव नाहीच. आँग सान सू ची या नावात वडील आँग सान, आजी सू आणि आई ची, असे तिघं बसले आहेत.

आपल्याकडचं गणित जास्त बारीक आहे आणि म्हणून चुकतंही जास्त. आईने अक्षराचं विचारलंच आहे, तर नीट सांगतो. नक्षत्रं २७, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणून अक्षरं १०८. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं, चरण ३ अंश २० कलांचा. चंद्राला एक चरण ओलांडायला सरासरी सहा तास लागतात, म्हणून जन्मवेळ पाचदहा मिनिटांनी इकडेतिकडे झाली तरी बहुतेक वेळा अक्षर बदलत नाही, चरण अगदी संपत आला असेल तरच. अश्विनीची चू, चे, चो, ला. रोहिणीची ओ, वा, वी, वू. इथवर ठीक. पण आर्द्रेचा तिसरा चरण आला तर अक्षर ङ, हस्ताचा तिसरा आला तर ण, उत्तराभाद्रपदाचा चौथा आला तर ञ. ही अक्षरं मराठीत शब्दाच्या सुरुवातीला येतच नाहीत, म्हणून गुरुजी जवळचं दुसरं अक्षर देतात. दुसरी गोम पंचांगाची. दाते पंचांग चित्रापक्षाचं, टिळक पंचांग रैवतपक्षाचं, आणि दोघांच्या अयनांशात, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठे धरायची त्या मापात, सुमारे चार अंशांचा फरक. चरण सव्वातीन अंशांचा आणि फरक चाराचा, तेव्हा एकाच बाळाला दोन पंचांगं दोन अक्षरं देणार हे ठरलेलंच. दोन गुरुजींना विचारायचं नाही, एवढाच यावर इलाज. एकाला विचारा, त्या अक्षराचं नाव पाळण्यात कानात सांगा आणि व्यवहारातलं नाव तुम्हाला हवं ते ठेवा. जन्मनाव आणि व्यावहारिक नाव वेगळं ठेवायची सोय आपल्याकडे केव्हापासून आहे.

शास्त्राचं म्हणशील तर पारस्कर गृह्यसूत्र या घरच्या संस्कारांच्या जुन्या ग्रंथात नावाचा आराखडाच दिलाय: मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी, सुरुवात घोष वर्णाने म्हणजे ग, ज, द, ब, म अशांनी, मध्ये य-र-ल-व पैकी काही, मुलीचं विषम अक्षरांचं आणि आकारान्त. कागदावर घेऊन मोज. यशोदा, सुभद्रा बसतात. सीता आणि राधा बसत नाहीत. बारशाला पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत बाळ फिरवतात, ते गोविंद आणि गोपाळ दोघेही तीन अक्षरी, म्हणजे नियमाबाहेर. मनुस्मृती तर नदीचं, झाडाचं, नक्षत्राचं नाव असलेली मुलगी करू नये म्हणते. आमच्या नाशकात गोदावऱ्या, कृष्णा, तुळसा आणि रोहिण्या यांची लग्नं थाटात होत आली. कुणी ऐकलं नाही, बरं झालं.

कुणाचं मूल, ही माहिती मात्र जवळजवळ सगळीकडे नावात आहे. मधलं नाव वडिलांचं, ही आपली रीत रशियात थोड्या फरकाने दिसते: इवानचा मुलगा इवानोविच, मुलगी इवानोव्ना, आणि मान द्यायचा तर आडनावाने नव्हे, नाव आणि पितृनाव मिळून हाक मारायची. अरबीत मुलाकडूनही नाव मिळतं: अबू अमुक म्हणजे अमुकचा बाप, उम्म अमुक म्हणजे अमुकची आई. अरबी नावात आपले लोक एक ठरलेली चूक करतात, ती सांगून ठेवतो. 'अब्दुल' हे पूर्ण नाव नाही. अब्द म्हणजे सेवक, 'उल'मधला ल हा पुढच्या शब्दाचा भाग, आणि पुढे अल्लाहचं एखादं नाव यायला हवं: अब्दुल करीम, अब्दुल कादिर. नुसतं 'अब्दुल' म्हणजे 'अमक्याचा सेवक' म्हणताना 'अमका' गाळणं. पुढचं अक्षर र, स, न यांसारखं असेल तर ल त्यात मिसळतो, म्हणून अब्दुर्रहमान.

आइसलँडमध्ये आडनाव बहुतेकांना नाहीच. १९८० मध्ये निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष विग्दिस फिनबोगादोत्तिर, म्हणजे फिनबोगीची मुलगी विग्दिस. त्यांना विग्दिस याच नावाने हाक मारायची, 'बाई फिनबोगादोत्तिर' असं म्हणायचं नाही. तिथे नवीन नावाला समिती परवानगी देते आणि एक अट मला फार आवडते: नावाला त्यांच्या भाषेतल्या विभक्तीचा प्रत्यय लागला पाहिजे. मराठीलाही ही कसोटी लाव. नावाला ने, ला, चा, कडे जोडून बघ, आणि मग अंगणातून माडीवर हाक मारून बघ. जोडाक्षरावर संपणारी नावं हाकेत तुटतात. फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने नाव संतांच्या पंचांगातून किंवा जुन्या इतिहासातूनच घ्यावं लागे, ते बंधन १९९३ ला गेलं.

आईचं नाव मुलाच्या नावात असावं, हे आपल्याकडे नवीन वाटतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम ठरला, त्यावर बरीच चर्चाही झाली. पण मुंबईला जाताना रस्त्यावरून दिसणाऱ्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. इथेही बारकावा आहे बरं का. बाईंचं स्वतःचं नाव बलश्री. गौतमी हे गोत्रावरून आलेलं. म्हणजे राजाच्या नावात आईचं पाळण्यातलं नाव नाही, तिच्या गोत्राची खूण आहे. तरी दोन हजार वर्षांच्या आसपासचा दाखला घराजवळ आहे, आणि तो कागदावर नव्हे, दगडात आहे.

त्याच डोंगरावर दहाव्या लेण्यात दुसरी गंमत. उषवदाताचा लेख. शक क्षत्रप नहपानाचा हा जावई, बापाचं नाव दीनिक, बायको दक्षमित्रा. नहपान हे नाव आपल्या भाषेतलं नाही, दीनिकही नाही. पण मुलीचं नाव दक्षमित्रा आणि जावयाचं उषवदात, म्हणजे ऋषभदत्त. बाहेरून आलेलं घराणं एका पिढीत इथलं होताना कसं दिसतं, ते या चार नावांत वाचता येतं. (सासऱ्यापेक्षा जावयाचं नाव मराठी कानाला बरं, हे वाक्य जावईबापूंना वाचून दाखवू नकोस, त्यांना उगाच वाटेल.)

ऋषभदत्त वरून तुझ्या यादीतल्या 'देवाची देणगी'वाल्या सहा नावांकडे येतो, कारण इथे साहित्य भरपूर आहे. 'देवाने दिलेला' हे नाव जवळजवळ प्रत्येक मोठ्या भाषेने घडवलंय. आपला देवदत्त, ग्रीक थिओडोर, रशिया-पोलंडकडचा बोगदान, फारसी खुदादाद, अरबी अताउल्लाह, हिब्रू नथानिएल आणि जोनाथन. यातले काही नुसते अर्थाने सारखे नाहीत, रक्ताचे आहेत. बोगदानमधला 'दान', खुदादादमधला 'दाद', थिओडोरमधला 'डोर' आणि देवदत्तातला 'दत्त' हे सगळे 'दा' या एकाच धातूचे. 'बोग' आपल्या 'भग'चा नातलग, ज्यावरून भगवान. पण सावध: ग्रीक 'थिओस' आणि आपला 'देव' हे ऐकायला भाऊ वाटतात, आणि नाहीत. देवाचा भाऊ लॅटिन 'देउस'. उच्चार जुळला म्हणून नातं लावायचं नाही, ही एवढी एक गोष्ट पाळलीस तर निम्म्या थापा टळतील.

उलट जिथे उच्चार जुळत नाही तिथे नातं निघतं. ऋग्वेदात सुश्रवस् असं नाव येतं: सु म्हणजे चांगली, श्रवस् म्हणजे कीर्ती. तेच पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात हओस्रवह् झालं आणि फारसीत घासून घासून खुस्रो. ग्रीकांचा पेरिक्लीस, सोफोक्लीस यांच्यातला 'क्लीस' म्हणजे हाच श्रवस्, आणि स्तानिस्लावमधला 'स्लाव'ही. कीर्ती हवी हा हट्ट फार जुना आहे. मिहिर हे नाव तू अस्सल संस्कृत म्हणून घेतलंयस. तो इराणातला मिथ्र, तिकडून 'मिह्र' होऊन इकडे आला आणि सूर्य म्हणून रुजला. वराहमिहिरापासून चालतंय, तेव्हा घ्यायला हरकत नाही.

निफाड-सिन्नरकडच्या जुन्या शेतकरी घरांत चौकशी केलीस तर दौलतराव, हैबतराव, साहेबराव, हिंमतराव, गुलाबराव भेटतील. दौलत, हैबत, साहेब अरबी, हिंमतही अरबीच, गुलाब फारसी, आणि राव आपला. कुणालाही ती परकी वाटत नाहीत. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. नाव कुठून आलं यापेक्षा ते किती पिढ्या हाकेत राहिलं यावर ते आपलं ठरतं, असं माझं मत.

हिब्रू योहानान म्हणजे 'परमेश्वर कृपाळू आहे'. त्याचा इंग्रजीत जॉन, जर्मनीत योहान, फ्रान्सात ज्याँ, स्पेनमध्ये हुआन, इटलीत जोव्हान्नी, रशियात इव्हान, आयर्लंडात शॉन, अरबीत याह्या. सगळे एकच. थॉमस म्हणजे अरामी भाषेत जुळा, बस्स.

कुरूप नावांचंही सांगायला हवं, कारण तुझ्या पणजोबांच्या पिढीत ती असतीलच. मुलं जगत नसत तेव्हा दगडू, धोंडू, केरबा ठेवायचे, म्हणजे नजर लागू नये आणि मृत्यूलाही हवंसं वाटू नये. भिकाजी म्हणजे भीक म्हणून मागून घेतलेला. चीनच्या खेड्यांत याच भीतीने मुलाला घरात 'गोउशंग' म्हणत, कुत्र्याने खाऊन उरलेलं. तुर्की 'दुरसुन' म्हणजे राहो, टिको. नायजेरियातल्या योरुबांचं 'दुरोजाइये' म्हणजे थांब आणि आयुष्य भोग. ही नावं मला सुंदर वाटतात, आईबापाचा जीव त्यांत गोळा झालेला आहे. पण तुर्की 'येतेर', म्हणजे पुरे, मुलींना ठेवतात, आणि आपली 'नकुसा' त्याच माळेतली. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींची नावं समारंभाने बदलली. तिथे नजरेची भीती नव्हती, मुलगी नको होती. दोन्ही प्रकार एका टोपलीत टाकू नयेत.

घरातलं जुनं नाव पुन्हा ठेवायचं मनात असेल, तर रामकुंडावर आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. आडनाव, मूळ गाव आणि जात सांगितली की कोणत्या गुरुजींकडे आपल्या घराण्याची नोंद आहे ते कळतं. त्यांत पुरुषांची नावं भरपूर, बायकांची त्या मानाने कमी. आजोबांचं नाव नातवाला देणं आपल्याकडे आहे, आणि जावईबापूंकडे तर ते भाषेतच मुरलंय: तमिळमध्ये नातवाला 'पेरन' म्हणतात, मूळ 'पेयरन', म्हणजे ज्याला नाव मिळालं तो. फक्त त्यातली जुनी अडचण लक्षात ठेव. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून नातवाला त्या नावाने हाकच मारता येत नसे, आणि तो जन्मभर बाळ, बापू किंवा अण्णा राहायचा. तुझ्या सासूबाईंना त्यांच्या यजमानांचं नाव दिवसातून पन्नास वेळा घ्यायला चालेल का, हे आधी विचारून घे.

आता जर्मनी. तिथे तुम्ही जाणार, बाळ तिथल्या बालवाडीत जाणार, तेव्हा नाव रोमन लिपीत कसं दिसतं ते आजच लिहून बघ. जर्मन माणूस 'जे' या अक्षराचा उच्चार य करतो, म्हणून जयंत तिथे यायांट होईल. शब्दाच्या सुरुवातीच्या स नंतर स्वर आला तर तो झ सारखा, म्हणजे सारंगचा झारांग. 'व्ही' अक्षर पुष्कळदा फ वाचलं जातं. व हवा तर 'डब्ल्यू' लिहावं लागतं. शेवटचा ग, द, ब कठोर होतो, म्हणून प्रसादच्या शेवटी ट ऐकू येईल. दोन 'ई' लिहिल्या की ते लांब ए वाचतात, म्हणजे नीलचा नेऽल. नील तुला आवडलाय, तर 'आय-ई' लिहिलं की जर्मन तोंडी नीट येईल, पण इंग्रजी माणूस मग अडखळेल. अशा वेळी दोन दारांची नावं बरी. समीर आपल्याकडे वारा, अरबीत रात्री गप्पांना साथ देणारा. तारा आपली चांदणी, आयर्लंडात प्रसिद्ध टेकडी. मीरा, माया कुठेच अडत नाहीत. ज्ञ असलेलं नाव टाळावं असं मी सांगेन. मराठी माणूस त्याला डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाला जी-वाय, संस्कृतवाला जे-एन. तीन कागदांवर तीन स्पेलिंग आली की पुढची दहा वर्षं प्रतिज्ञापत्रं करण्यात जातात.

जपान्यांची अडचण आपल्या उलट आहे. आपण उच्चार लिहितो आणि अर्थ शोधत बसतो. ते अर्थाची चित्राक्षरं लिहितात आणि उच्चार विचारावा लागतो. नावासाठी परवानगी असलेली चित्राक्षरं २,१३६ नेहमीची आणि ८६३ खास नावांची. उच्चाराची नोंद कुटुंबपत्रकात करायला लागली ती मे २०२५ पासून.

शेवटी कागद, आणि यात कंटाळा करू नकोस. बाळंतपण इथे दवाखान्यात होणार, तर जन्माची खबर २१ दिवसांत द्यायचं काम दवाखान्याचं. त्या फॉर्मवर बाळाचं नाव रिकामं ठेवता येतं. घाईने काहीतरी लिहून टाकण्यापेक्षा ते बरं. बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण तुम्हाला पासपोर्ट काढायचाय आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरतात, तेव्हा महिनाभरात नाव घालून मोकळं व्हा. फॉर्मवर तुम्हा दोघांची नावं आधारकार्डावर आहेत तशीच, अक्षर न् अक्षर. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात: कुठे आईचं माहेरचं नाव, कुठे सासरचं, कुठे 'बाई' जोडलेलं. पुढे नाव बदलायचं तर राजपत्रात जाहिरात, आणि मग जुने सगळे कागद त्याप्रमाणे करून घेणं.

जावईबापूंना आडनाव नाही, आद्याक्षर आहे. विश्वनाथन आनंदचं काय झालं माहीत आहे ना? नाव आनंद, विश्वनाथन वडिलांचं, आणि बाहेरच्या जगाने वडिलांच्याच नावाने हाका मारल्या. बाळाच्या पासपोर्टवर 'आडनाव' हा रकाना रिकामा ठेवू नका. एकच नाव असलेल्या पासपोर्टला अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफ-एन-यू' लागतं, म्हणजे नाव अज्ञात. आणि संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून असे पासपोर्ट पर्यटन व्हिसाला अडवले. तेव्हा जावईबापूंचं पूर्ण नाव, आद्याक्षर न ठेवता सोडवून, आडनावाच्या रकान्यात घाला. पासपोर्टच्या यंत्राने वाचायच्या ओळीत नावासाठी ३९ घरं असतात, मोकळ्या जागा धरून. तमिळ वडील आणि मराठी आई दोघांचीही नावं घातली तर मोजून बघा, नाहीतर शेवटची अक्षरं कापली जातात.

तुम्ही दोघं मिळून तीन नावं काढा. प्रत्येक देवनागरीत, तमिळमध्ये आणि रोमन लिपीत लिहून पाठवा. मी कोश बघून कळवतो. गुरुजी एकच ठरवलेत, दाते पंचांगवाले. आणि आई विचारतेय, घुगऱ्यांना हरभरे किती भिजवायचे. तुमच्याकडून माणसं किती येणार ते सासूबाईंना विचारून कळव.

तुझा
बाबा